शांततेचा टेक

१

श्वास कापणं हा माझा धंदा आहे. हसू नका, खरंच सांगते. चौघंजण दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एक चेलो घेऊन समोरासमोर बसतात आणि माइकपुढे वाजवतात. वाजवताना ही माणसं नाकं ओढतात, फुसफुसतात, खुर्च्या करकरवतात. घरी निवांत ऐकणाऱ्याला यातलं काहीच नको असतं. म्हणून मी हेडफोन लावून बसते आणि एकेक श्वास काढून टाकते. या कामात माझे केस पिकले. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, तेही याच्यामुळेच. दिवसभर दुसऱ्यांच्या नाकाचे आवाज ऐकून बघा, मग सांगा तुम्ही किती गोड राहता ते.

एक श्वास मात्र फार जपून कापावा लागतो. चौकडीपुढे हात हलवणारा कोणी उभा नसतो. सुरुवात कधी करायची हे पहिलं व्हायोलिन वाजवणारा नाकाने श्वास ओढून सांगतो. तो श्वास किती लांब, किती दमदार, यावरून बाकीच्यांना कळतं की जलद वाजवायचंय की संथ, जोरात की हलकं. त्याच्यामागोमाग तिघं श्वास घेतात आणि चारही गज एकदम तारांवर पडतात. वर्षानुवर्षं हे केलं की त्यात डोकं लागतच नाही. श्वास कानावर पडला की छाती आपोआप वर येते.

माझ्या चांडाळचौकडीचे श्वास मी डोळे मिटून ओळखायची. पहिलं व्हायोलिन मास्तरांचं. त्यांचा श्वास नाकातून, खरखरीत. दुसऱ्या व्हायोलिनवर खारूताई. बाई सदानकदा काहीतरी कुरतडत असते म्हणून हे नाव. तिचा श्वास आखूड, दचकल्यासारखा. चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं थोरलं वाद्य, आजोबांकडे; वयाने सगळ्यांत मोठे म्हणून हे नाव. त्यांच्या श्वासात बारीक शिट्टी वाजायची. आणि व्हायोला, म्हणजे जरा मोठं, घोगऱ्या आवाजाचं व्हायोलिन, वाजवते माझी धाकटी बहीण. तिचा श्वास तोंडाने, आणि सगळ्यांच्या किंचित मागून. लहानपणापासून ती तशीच, हाक मारली की एक क्षण थांबून 'ओ' देणारी. आई गेल्यापासून आम्ही दोघीच एका घरात राहतो. तिच्याशिवाय मला या जगात कोणी नाही, हे आत्ताच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी जे केलं त्यावर नाक मुरडायच्या आधी थोडा विचार कराल.

२

रेकॉर्डिंगला आम्ही बंद पडलेल्या टेलिफोन ऑफिसचा वरचा हॉल घेतला होता. लाकडी जमीन, उंच छत, खिडक्यांना आतून जाड गाद्या ठोकलेल्या. मी शेजारच्या खोलीत. मध्ये भिंत, काचबिच काही नाही. त्यांच्याशी बोलायचं तर एक बटण दाबायचं.

दिवसाचं काम संपलं की आम्ही शांतता रेकॉर्ड करतो. बाहेरच्यांना हे वेडेपणाचं वाटतं. पण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि मी श्वास कापला की तिथे भोक पडतं. ते भोक त्याच खोलीच्या, तीच माणसं बसलेली असतानाच्या शांततेने बुजवावं लागतं. म्हणून चौघांनी वाद्यं नुसती धरून दगडासारखं बसायचं आणि मी काहीही न वाजणारा एक टेक, म्हणजे एका दमातलं रेकॉर्डिंग, घ्यायचा. खारूताईला हमखास हसू फुटायचं, मग मी ओरडायची, मग परत.

त्या दिवशी कोणी हसलं नाही. त्या शांततेत कोणीतरी श्वास आत घेतला.

"कोण गं ते?" मी बटण दाबलं. "शांतता म्हणजे शांतता. मास्तर, तुम्ही का?"

"मी? मी कशाला घेऊ? मी तर धरून बसलोय."

"ताई, आम्ही कोणीच नाही," धाकटी म्हणाली. "आम्हाला काही ऐकूसुद्धा आलं नाही."

आता ही मंडळी खोटं बोलणारी नव्हेत. मी पुन्हा ऐकलं. प्रत्येकाच्या जवळ एकेक माइक असतो. ज्याचा श्वास, त्याच्या माइकवर तो मोठा यायला हवा. हा चौघांच्या माइकवर अगदी सारखा होता. म्हणजे बरोबर मध्यातून. मध्ये केबलींच्या वेटोळ्याशिवाय काही नव्हतं. आणि तो खालून येत होता, बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवरून.

जुनी इमारत, मी म्हटलं. जमिनीखाली नळ असतील, त्यात हवा असेल. मी काही भित्री बाई नाही. पण नळातली हवा सुरुवात करून देत नाही. हा श्वास सुरुवातीचा होता. फार संथ, फार लांब, आणि पहिला सूर कुठे पडायचा ते त्यात स्वच्छ ठरवलेलं. तो ऐकताना ठेका धरायला माझा पाय जमिनीवरून उचलला गेला होता. मी तो तुकडा कापला, फेकून दिला आणि घरी गेले.

३

दुसऱ्या दिवशी संथ भागाचा टेक होता. सगळ्यात अवघड काम. मधे मधे लांबलचक विराम आहेत आणि प्रत्येक विरामानंतर चौघांनी एकाच क्षणी सुरात शिरायचं असतं. आधी आमचे कितीतरी टेक यातच वाया गेले होते.

मी "चला" म्हटलं. तो श्वास आला. त्याच्यामागून मास्तरांचा आला. म्हणजे मास्तर सुरुवात देत नव्हते, घेत होते.

आणि वाजलं असं, की काय सांगू. चौघं वेगळे राहिलेच नव्हते. एवढा संथ ठोका माणसाला पेलत नाही, हात थरथरायला लागतो. यांचा थरथरला नाही. मी, जी लग्नामुंजीतही डोळे पुसत नाही, ती रडले. हेडफोन काढून पदराने तोंड पुसलं आणि बटण दाबून म्हणाले, "हा ठेवला." हॉलमधून टाळी आली नाही. एरवी अशा टेकनंतर खारूताई टाळ्या पिटायची.

दुपारी श्वास कापायला बसले तेव्हा आजोबांचा एकही सापडेना. त्यांच्या माइकवर चेलो होता, गज होता, लाकूड होतं. शिट्टी नव्हती. त्या टेकमध्ये आजोबा श्वास घेतच नव्हते.

माइक हलला असेल. नाक मोकळं झालं असेल. मी स्वतःला एकेक कारण देत गेले आणि एकेक खोडत गेले. माइक हलला असता तर चेलोचा आवाजही बदलला असता. तो जसाच्या तसा होता.

४

संध्याकाळी आजोबांच्या बायकोचा फोन आला. त्या मला अधूनमधून करतात, कारण त्यांच्या मते आजोबांना माझाच काय तो धाक आहे.

"अहो, चमत्कार झाला," त्या म्हणाल्या. "ह्यांचं घोरणं बंद झालं! एवढे डॉक्टर केले, उशा बदलल्या, मी दुसऱ्या खोलीत झोपायला लागले. काल मी मुद्दाम जाऊन बघितलं. काही नाही हो. एकदम चूप."

"मग बरंच झालं की."

"बरंच म्हणायचं." मग त्याच म्हणाल्या, "फक्त सकाळी चहा समोर ठेवला तर घेतच नव्हते. कपाकडे बघत बसले. मी माझा उचलला, तेव्हा त्यांनी त्यांचा उचलला."

पुढच्या टेकमध्ये खारूताईचा श्वास गेला. त्या दिवशी चहाला मी डोळे उघडे ठेवून उभी राहिले. आजोबा, खारूताई आणि मास्तर जिन्याजवळच्या बाकावर बसले होते. पिशवीतल्या बदामांना खारूताईने हात लावला नव्हता. आजोबांचा आणि तिचा कप एकाच वेळी वर गेला, एकाच वेळी खाली आला. मास्तरांचा अर्धा क्षण उशिरा. धाकटी खिडकीशी उभी राहून फुंकर मारत चहा पीत होती, आपल्यासाठी कोणी थांबायला नको म्हणून नेहमीसारखी घाईत जीभ भाजून घेत. मला त्या भाजलेल्या जिभेचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

"आजोबा, जरा हलू नका, माइक लावते," असं म्हणून मी नंतर त्यांच्या नाकाखाली हात नेला. हाताला वारा लागला. कोमट, मंद. म्हणजे माणूस जिवंत होता. पण त्या श्वासाला आवाज नव्हता. आणि वारा एकदाच लागला, मग बराच वेळ नाही. मी वाट बघत राहिले. शेवटी माझाच जीव घुसमटला आणि मी हात काढून घेतला.

५

घरी गेल्यावर मी धाकटीला स्पष्ट सांगितलं, "उद्या जायचं नाही."

ती भांडी विसळत होती. "का?"

मी सगळं सांगितलं. श्वास, चहा, आजोबांचं नाक. तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. तिला आधीच माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

"ऐकू येतो तुला तो?" मी विचारलं.

"ऐकू येत नाही. कळतो." तिने हात पुसले. "ताई, तुला कसं सांगू? इतकी वर्षं मी मास्तरांकडे बघत आलेय. आता घेतील, आता घेतील. मग आजोबांकडे, मग खारूताईकडे. सगळ्यांना सांभाळायचं आणि वर सगळ्यांच्या मागे पडायचं. आता काही ठरवावंच लागत नाही. इतकं सोपं कधीच नव्हतं गं."

"सोपं आहे म्हणून विहिरीत उडी मारशील का?"

"तू टेक ऐकलास ना? रडलीस ना? मास्तरांनी सांगितलं मला, तुझा आवाज भरून आला होता म्हणून."

"रडले. झक मारली आणि रडले."

"मग मला का अडवतेस?"

"कारण तू माझी बहीण आहेस. त्या दोघांच्या छातीत आता त्यांचं काही उरलेलं नाही बबे, मास्तरांचं जायच्या बेतात आहे, आणि तुझं अजून आहे. तेवढंच राहिलंय. ते मी देणार नाही."

"ते तुझं आहे का द्यायला?" ती म्हणाली आणि खोलीत निघून गेली. मी तिथेच ओट्याशी उभी राहिले. उरलेली भांडी मी रागाने आदळत विसळली. तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच.

६

सकाळी ती माझ्या आधी निघून गेली. मी पोचले तेव्हा हॉलचं दार बंद होतं आणि चौघं सूर जुळवत होते. दार उघडून तिला दंडाला धरून आणायला हवं होतं. पण मला वाटलं, तमाशा नको, पहिल्या टेकनंतर बघू. बटण मी दाबलंच नाही. "चला" मी म्हटलंच नाही.

हेडफोनात तो श्वास आला. मास्तरांचा आला नाही. खारूताईचा नाही, आजोबांचा नाही. मग धाकटीचा सुरू झाला, तोंडाने, आणि वेळेवर. अगदी वेळेवर.

माझी बहीण आयुष्यात कधी वेळेवर श्वास घेत नाही. मी हेडफोन भिरकावले आणि धावले.

दार ढकललं. तिघंही एकाच जागी बघत होते, सुरावटीची पानं ठेवायच्या चार स्टँडच्या मधोमध, खाली, लहान पोराचं तोंड येईल त्या उंचीवर. चेहऱ्यावर भीती नव्हती. कोणीतरी फार मोठं समोर असावं अशा आदबीने बघत होते. मीही बघितलं, खोटं कशाला बोलू. तिथे जमीन होती आणि केबली होत्या. पण चारही स्टँडवरची चारही पानं आतल्या बाजूला वाकली होती. हॉलमध्ये वारा नव्हता. पानं त्या एका जागेकडे ओढली जात होती, आणि ओढ संपत नव्हती. एवढा लांब श्वास कोणाचा असतो?

धाकटीची नजर तिकडे वळत होती. मी मागून तिच्या तोंडावर हात दाबला आणि दुसऱ्या हाताने नाक चिमटीत धरलं. ती मला चावली. चाव म्हटलं. तिघांचे गज खाली आले, तिचा आला नाही.

तीन वाद्यं वाजली. चौथ्याची जागा रिकामी ठेवून वाजली. आणि मग तिघं एकदम थांबले, सुराच्या मधेच, हातातले गज तसेच. पानं सरळ झाली नव्हती.

पुढचा श्वास माझ्यासाठी होता. मी वाजवणारी नाही, मला गज धरता येत नाही. पण इतके दिवस मीच तर तो ऐकत होते, हेडफोन लावून, पुन्हा पुन्हा, कापायच्या आधी. माझ्या फासळ्या वर यायला लागल्या. मी त्यांना सांगितलं नव्हतं. छाती भरत होती, आणि खरं सांगते, बरं वाटत होतं. कित्येक वर्षांचं ओझं कोणीतरी खांद्यावरून उतरवून घ्यावं तसं.

तेवढ्यात धाकटीने पुन्हा चावा घेतला आणि मला संताप आला.

"चुलीत जा, मेल्या!" मी ओरडले. आणि मग थांबलेच नाही. मला येतात तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. ज्या मी कधी तोंडातून काढल्या नव्हत्या त्याही दिल्या. श्वास बाहेर पडत असेल तर आत घेता येत नाही. हे मला हुशारीने सुचलं नाही, रागाने झालं. ओरडत ओरडतच मी तिला खुर्चीवरून ओढलं, दारातून काढलं, जिना उतरवला. तिच्या हातात व्हायोला तशीच. मागे हॉलमध्ये कोणी उठल्याचा आवाज आला नाही.

७

रेकॉर्डिंग मी सगळं पुसून टाकलं. तो रडवणारा टेकसुद्धा. मास्तरांचे फोन येत राहिले. रागावले नाहीत, आरडाओरडा नाही. "आम्ही बसलोय," एवढंच म्हणायचे. "तिला पाठवा."

"बसा," मी म्हणायची आणि फोन ठेवायची.

आजोबांच्या बायकोचाही आला. आजोबा रोज सकाळी हॉलवर जातात, बसतात, घरी येतात. जेवतात, टीव्ही बघतात. "चांगले आहेत हो," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "एकदा घोरले तरी चालेल मला." मी त्यांना म्हटलं, त्यांच्याशी बोलत राहा, भांडा, खोलीत शांतता पडू देऊ नका. पण त्या मुळात हळू आवाजाच्या.

धाकटी माझ्याशी बोलत नव्हती. एक दिवस बोलली. "मला आता तसं कधीच वाजवता येणार नाही."

"नको येऊ दे," मी म्हटलं.

मग तिने व्हायोला काढली. तोच संथ भाग, फक्त तिच्या वाट्याचा. एकटीचं वाजवणं म्हणजे निम्मं वाजवणं आणि निम्मे विराम, कारण बाकीच्यांच्या जागा रिकाम्या. पहिल्या विरामात आमच्या बैठकीच्या खोलीत, कपाट आणि खिडकीच्या मधल्या कोपऱ्यात, खाली, श्वास घेतला गेला.

"गॅस बंद केलास का?" मी तारस्वरात विचारलं.

तेव्हापासून हे आमचं रोजचं झालं. ती वाजवते, विराम आला की मी बोलते. वरच्यांची मोरी गळतेय. तुझा निळा टॉवेल कुठाय? दातांच्या डॉक्टरकडे जायचंय की नाही? ती चिडते, कधी कधी वाजवता वाजवता हसते. कोपरा ऐकत असतो. ऐकू दे. मी श्वास घेते, घ्यावाच लागतो, पण वाक्याच्या अध्येमध्ये, मला हवा तेव्हा. त्याला माझ्यात घुसायला फट ठेवत नाही.

काल मात्र मला ठसका लागला. सगळ्यात लांब विराम नेमका आला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी छाती धरून, डोळ्यांत पाणी येऊन, हातानेच तिला नको नको करत होते. कोपऱ्यात श्वास सुरू झाला. लांब, संथ, हवाहवासा. तिचा गज वर गेला. तिचे ओठ उघडले.

"थांब," धाकटी म्हणाली.

माझ्याकडे बघून नाही. कोपऱ्याकडे बघून.

"मी सांगेन तेव्हा."

तिने व्हायोला खाली ठेवली. माझ्या पाठीवर थापट्या मारल्या, पाणी दिलं. मी प्यायलेय की नाही बघितलं. मग पुन्हा खुर्चीत बसली, गजाचे केस जरा ताणून घेतले, हनुवटी नीट टेकवली. काही घाई नाही. कोपऱ्यात जे काय होतं ते छाती भरून बसलं होतं, आणि त्याला तसं ताटकळत ठेवलं होतं माझ्या बहिणीने, जिने उभ्या जन्मात कोणाला चहासाठीसुद्धा थांबवलं नाही.

मग तिने श्वास घेतला. तोंडाने, मोठा, ओबडधोबड, कुठल्याही रेकॉर्डिंगमधून मी पहिल्या झटक्यात कापला असता असा. आणि वाजवायला लागली.